ऑइल फिल्टर बदलायचाय? गाडीखाली शिरण्याआधी हे हाताशी ठेवा

नवा फिल्टर आदल्या दिवशीच घरात आणून ठेवा. दुकानात नुसतं ‘स्विफ्टचा द्या’ म्हणू नका. एकाच नावाची गाडी पेट्रोलमध्येही असते आणि डिझेलमध्येही, शिवाय मधल्या वर्षांत इंजिनही बदललेलं असतं. आरसीवरचं इंधन आणि वर्ष सांगा, पुस्तिकेतला पार्ट नंबर दाखवा. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असं अजिबात समजू नका. आतला कागद चोंदला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि गाळलेलं नसलं तरी ऑइल इंजिनाला मिळत राहतं. तो किती दाबाला उघडायचा, हे इंजिनागणिक वेगळं असतं. फिल्टर हातात घेऊन तोंडाकडे बघा. मधल्या आट्यांभोवती बारीक भोकं असतात आणि त्यांच्या आत रबराची पाकळी दिसते. गाडी बंद असताना ऑइल मागे ओघळू न देणं हे तिचं काम. स्वस्त मालात ती उष्णतेने कडक होते, मग सकाळी स्टार्टरला इंजिन दोन-तीन सेकंद खडखडतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो, म्हणून इथे सिलिकॉनची पाकळी असलेला फिल्टर घ्यावा. पन्नास-शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील.

फिल्टरसोबत चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) नटाचा नवा वायसर घ्या. जुना दाबून चपटा झालेला असतो, तोच परत लावला की थेंब थेंब गळती ठरलेली. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच. लहान पेट्रोल गाडीला फिल्टरसकट साधारण 3 ते 3.5 लिटर लागतं, पण नेमका आकडा पुस्तिकेतच बघा. नटाला बसणारा रिंग पाना, फिल्टरचा पाना, नरसाळं, पाच लिटर मावेल असं पसरट घमेलं, हातमोजे आणि धागे न सुटणारी फडकी एका जागी मांडा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, दोन स्टँड हवेतच. कापसाच्या काळ्या रानातून आलेल्या गाडीचा फिल्टरभोवतालचा भाग आधी पुसून घ्या, नाहीतर तीच माती उघड्या तोंडातून आत जाते.

काम सकाळी सहा-सातला काढा. वारं उठलं की धूळ उडते. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल गाळासकट उतरतं, कडक तापलेलं मात्र हात भाजतं. खाली घमेलं ठेवून चेंबरचा नट काढा, ऑइल उतरलं की नवा वायसर घालून नट परत बसवा.

जुना फिल्टर निघाला की त्याचं रबरी सील त्याच्याबरोबर आलंय का, ते बोट फिरवून तपासा. कित्येकदा ते इंजिनालाच चिकटून राहतं. त्यावर नवं सील बसलं तर दाब येताच दोन्ही सटकतात आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं. या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच. नव्या सीलवर बोटाने ताजं ऑइल फिरवा, फिल्टर हाताने चढवा, सील टेकलं की पाऊण फेरा आणखी द्या (डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं). पान्याने आवळू नका, पुढच्या वेळी निघणार नाही.

ऑइल भरून गाडी सुरू करा, रेस देऊ नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटं चालू ठेवून खाली वाकून गळती बघा. मग बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी (डिपस्टिक) तपासा. फिल्टर भरल्यामुळे पातळी उतरलेली असते, तेवढं वरून घाला.

जुना फिल्टर रात्रभर घमेल्यात पालथा निथळू द्या. काळं ऑइल कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. बांधावर किंवा नाल्यात ओतू नका, पहिल्या पावसात ते कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.