इंदुरात छोट्या दुकानांतून खरेदी कशी टिकवायची

सरळ सांगते, सगळं सामान अ‍ॅपवरून घेणं बंद करा असं मी म्हणत नाही, ते मलाही जमत नाही. पण महिन्याच्या यादीतल्या चार वस्तू ठरवून टाका, उदाहरणार्थ मसाले मारोठिया बाजारातून, साडी-फॉलचं काम शीतलामाता बाजारात, शेव कोपऱ्यावरच्या नमकीनवाल्याकडून ताजी तळलेली, आणि त्या चारच तिथून घ्या, दर महिन्याला, कारण अशा दुकानाचं गणित रोजच्या गिऱ्हाइकावर चालतं, दिवाळीच्या एका मोठ्या बिलावर नाही.

पैसे देताना क्यूआर स्कॅन केला तरी चालतो, बँक खात्यातून साध्या यूपीआयने दिलं तर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला त्यावर चार्ज नाही, अ‍ॅपवर विकलं की मात्र बहुतेकदा कमिशन कापलं जातं. उधारी मात्र महिन्याच्या महिन्याला फेडा हं, त्याला पण पुढे घाऊकवाल्याला द्यायचे असतात.

घासाघीस करा, पण मॉलमध्ये छापील किंमत निमूट देऊन इथे पाच रुपयांसाठी अर्धा तास नको.

माल खराब निघाला तर आधी त्यालाच सांगा. माझा मिक्सर दोनदा बिघडला, दोन्ही वेळा गल्लीतल्या काकांनी तासाभरात करून दिला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची अजून वाट बघतेय.

आणि सराफ्यात रात्री खायला जाताच ना? मग एकदा दिवसा पण जा, तेव्हा तिथे सोन्याचांदीची दुकानं उघडी असतात.