गेमसाठी लॅपटॉप घेताय? ‘जीबी’च्या हिशेबातल्या या चुका टाळा

कापसाचे चुकारे हाती आले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत नवे लॅपटॉप येऊ लागतात. पोरगं इंजिनिअरिंगला किंवा पॉलिटेक्निकला असतं. अभ्यासाच्या मशीनवर रात्री गेमही चालणार, हे घरच्यांना ठाऊक असतं आणि त्यात वावगं काही नाही. वाईट याचं वाटतं की कष्टाचा पैसा चुकीच्या आकड्यावर जातो. मग महिनाभरात पोरगं माझ्याकडे दुरुस्तीला येतं, “दादा, गेम लय अटकून राह्यला, पाहा बरं काय झालं.” उघडून पाहावं तर बिघाड काहीच नसतो. चूक खरेदीतच झालेली असते.

उसनी मेमरी स्वतःची समजू नका

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग, वेगळं असेल तर त्याच्याजवळ स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स मात्र लॅपटॉपच्या रॅममधूनच (चालू कामासाठीच्या मेमरीतूनच) मेमरी उसनी घेतं. विंडोज त्यासाठी साधारण निम्म्या रॅमपर्यंत मुभा देतं. म्हणून ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवरही ग्राफिक्ससमोर ४ जीबीच्या आसपासचा आकडा दिसतो आणि दुकानात तोच आकडा ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणून सांगितला जातो.

पैसे देण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सवर, क्लिक करा. ‘डेडिकेटेड’ पुढचा आकडा कार्डाचा स्वतःचा, ‘शेअर्ड’ पुढचा उसना. दोन जीपीयू दिसले तर दोन्ही उघडून पाहा.

जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स २०५० या कार्डांना ४ जीबी व्हीरॅम असते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ३०५० मध्ये ४ आणि ६ जीबी असे दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. आरटीएक्स ४०५० ला ६ आणि ४०६० ला ८ जीबी. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ या गेमसाठी ४ जीबी पुरते. रेड डेड रिडेम्प्शन २ साठी मात्र कंपनीनेच ६ जीबीचं कार्ड आणि १२ जीबी रॅम सुचवली आहे.

व्हीरॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढत नाही. रॅम बऱ्याच लॅपटॉपमध्ये पुढच्या हंगामातही वाढवता येते. म्हणून बजेट अडत असेल तर १६ जीबी रॅम आणि ४ जीबी व्हीरॅमपेक्षा मी ८ जीबी रॅम आणि ६ जीबी व्हीरॅम घ्यायला सांगतो. फक्त रॅमचा स्लॉट मोकळा आहे की रॅमही बोर्डावरच पक्की आहे, हे आधी विचारून घ्या.

रॅमची एकच काडी

वेगळं कार्ड नसेल तर हा मुद्दा फार मोलाचा आहे. ८ जीबीची एकच काडी म्हणजे एका बैलावर ओढलेला वखर. दुसरी ८ जीबीची काडी लावली की ग्राफिक्सला रॅमकडे जायला दोन वाटा मिळतात आणि फरक डोळ्यांना दिसतो. इंटेलचं प्रोसेसरच्या आतलं आयरिस एक्सई ग्राफिक्स तर एका काडीवर ‘यूएचडी’ असं साध्या ग्राफिक्सचंच नाव दाखवतं. जुन्या लॅपटॉपवर कमी पैशात करण्याजोगा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

काडी मागवताना आपल्या लॅपटॉपची रॅम डीडीआर ४ प्रकारची आहे की डीडीआर ५ ते पाहा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटतो.

अटकतो कुठे, ते आधी पाहा

खेळताना नव्या भागात शिरलं, गाडी वळवली की झटका बसतो? व्हीरॅम भरली आहे. सगळ्यात आधी गेमच्या सेटिंगमधली टेक्स्चर क्वालिटी उतरवा, बाकीचं नंतर. गेममधून ब्राउझरवर यायला मिनिट लागतं आणि डिस्क १०० टक्के दिसते? रॅम अपुरी आहे. मागे उघडे असलेले टॅब बंद करा, तेवढ्यानंही बराच फरक पडतो. लाइट गेल्याबरोबर गेम मंदावत असेल तर तो बिघाड नाही, बॅटरीवर कार्डाला वीजच कमी मिळते. रॅम वाढवून त्यात काही बदलणार नाही.

आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास चालून मग गेम मंदावत असेल तर ती उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, पण ही तक्रार मला हिवाळ्यातही ऐकू येते. भाव वाढायची वाट पाहत घराघरांत कापूस साठवलेला असतो आणि त्याच खोलीत लॅपटॉप चालतो. कापसाचे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि जाळीवर चिंध्यासारखा थर बसतो. हवा जायला जागा राहत नाही, मग प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. अशा मशीनमध्ये नवी रॅम टाकायला निघालेल्या पोरांना मी आधी मागचं झाकण उघडून दाखवतो.

साफ करताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, आत बॅटरीची पिन सोडवा आणि पंख्याची पाती बोटानं धरून मगच हवा मारा. गादीवर ठेवून खेळू नका. कूलरच्या तोंडाशीही नको, त्याची हवा ओलसर असते. पाट किंवा लाकडी फळी घ्या आणि मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा.