पिस्तुलांची तुलना करताना या चुका टाळा

दोन पिस्तुलांपैकी चांगले कोणते, असे विचारणाऱ्याला बहुधा एकच उत्तर हवे असते. प्रत्यक्षात त्या प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात: हाताला सोयीचे कोणते, अचूक कोणते आणि भरवशाचे कोणते. या तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत आणि एका चाचणीचा निकाल दुसऱ्या प्रश्नाला जोडला की तुलना तिथेच फसते. त्याहून मोठी अडचण अशी, की पिस्तूल कधीच एकटे तपासले जात नाही. त्याच्याबरोबर नेमबाजाचा हात, काडतुसे आणि मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) यांचीही परीक्षा होत असते, पण दोष यांपैकी नेमका कोणाचा हे वेगळे काढण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. पुढील बहुतेक चुका यातूनच होतात.

तुलनेला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मात्र दर वेळी करायची असते. पिस्तूल रिकामे आहे असे देणाऱ्याने सांगितले असले, तरी नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझीन काढावे, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. हा क्रम उलटला, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझीनमधले काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जाते.

रिकाम्या पिस्तुलावरून सोय ठरवणे

रिकामे पिस्तूल मुठीत धरून "छान बसते" असा निर्वाळा देणे ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे. ग्लॉक १७ मॅगझीनशिवाय साधारण ६३० ग्रॅम भरते. सतरा काडतुसांचे भरलेले मॅगझीन बसवले, की तेच पिस्तूल ९०० ग्रॅमच्या आसपास जाते आणि वाढलेले सगळे वजन मुठीत येत असल्यामुळे त्याचा तोलही बदलतो. त्यामुळे दोन पिस्तुलांचा तोल पाहायचाच असेल, तर तो रेंजवर, भरलेल्या मॅगझीनसह पाहावा.

मुठीचा मऊपणा किंवा तिच्यावरचे बोटांचे खाचे यांपेक्षा चापापर्यंतचे अंतर कितीतरी महत्त्वाचे असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला शक्य तितकी वर बसवावी, नळी मनगट आणि कोपर यांच्या सरळ रेषेत ठेवावी आणि मग तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य चापावर सहज पोहोचतो का ते पाहावे. तो पोहोचत नसेल, तर माणूस नकळत संपूर्ण पकड फिरवून बोट पोहोचवतो. अशा पकडीत गोळी सुटतानाचा धक्का तळहाताऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि चाप सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ओढला जातो. येथे सोयीचा प्रश्न अचूकतेच्या प्रश्नात कधी शिरला, हे कळतही नाही. अनेक आधुनिक पिस्तुलांना मुठीचा मागचा भाग बदलण्याची सोय असते. ती न वापरताच पिस्तूल नापसंत करणे अन्यायाचे आहे.

लहान आणि हलके पिस्तूल हाताळायला सोपे, हा समजही तपासून घ्यावा. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले, तर धक्क्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते, कारण संवेग तेवढाच राहतो आणि तो अर्ध्या वस्तुमानाला पेलावा लागतो. काडतूस कमी ताकदीचे असले म्हणजे धक्का कमी बसतोच असेही नाही. असे काडतूस वापरणाऱ्या वॉल्थर पीपीके या छोट्या पिस्तुलासारख्या रचनेत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकत नाहीत. केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा ताण यांवर बाराचा दाब रोखला जातो. त्यामुळे तिची स्लाइड ओढायला कडक लागते आणि धक्काही अपेक्षेपेक्षा तीक्ष्ण बसतो. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे त्यांना नेमके असेच छोटे पिस्तूल सुचवले जाते, हे मला नेहमीच खटकते.

चापाची तुलना करताना सारख्याची सारख्याशी तुलना करावी. बेरेटा ९२ सारख्या पिस्तुलात पहिल्या गोळीसाठी चाप लांबवर आणि साधारण पाच किलो जोराने ओढावा लागतो, तर पुढच्या गोळ्यांसाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास जोर पुरतो. अशा पिस्तुलाची दुसरी गोळी दुसऱ्याच्या पहिल्या गोळीशेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष निरर्थक आहे. शिवाय चापाचे वजन बोटाच्या अंदाजाने ठरवू नये. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकारासाठी चापाचे किमान वजन १००० ग्रॅम असावे लागते आणि ते प्रत्यक्ष वजन लावूनच तपासतात, कारण गुळगुळीत चाप बोटाला हलका भासतो आणि खरखरीत चाप जड. ब्राउनिंग हाय-पॉवरच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. मॅगझीन काढल्यावर चाप निकामी करणारी तिची यंत्रणाच चापाच्या ओढीत खरखर आणते, त्यामुळे चापाची ती तक्रार मूळ रचनेविषयी फारसे काही सांगत नाही.

तीन गोळ्यांवरून अचूकतेचा निवाडा करणे

अचूकतेच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ दोन गोष्टींची सरमिसळ केल्याने होतो. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात हा एक प्रश्न आणि त्या जिथे नेम धरला तिथे पडतात का हा दुसरा. जवळजवळ पडलेल्या पण सगळ्याच डावीकडे गेलेल्या गोळ्या पाहून पिस्तुलाला नावे ठेवली जातात, पण मागची साइट (नेम धरायची खाच; पुढची साइट म्हणजे नळीच्या तोंडाकडची खूण) उजवीकडे सरकवल्यावर ती तक्रार संपते. मागची साइट गोळ्या जिकडे न्यायच्या तिकडे सरकवायची आणि पुढची साइट त्याच्या उलट, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

गोळ्या किती पसरतात हे मोजताना संख्येचा विसर पडतो. एकाच पिस्तुलातून, एकाच हाताने आणि एकाच काडतुसाने मारलेल्या पाच गोळ्यांचा फैलाव तीन गोळ्यांच्या फैलावापेक्षा सरासरीने सुमारे सव्वापट येतो आणि दहा गोळ्यांचा दीडपटीहून अधिक. पिस्तुलात काहीही बदल झालेला नसतो; गोळ्या वाढल्या की एखादी दूर पडण्याची संधी वाढते, इतकेच. म्हणून एकाचा तीन गोळ्यांचा कागद दुसऱ्याच्या दहा गोळ्यांच्या कागदाशेजारी ठेवून केलेली तुलना पहिल्यालाच झुकते माप देते. दोन्ही पिस्तुलांना किमान दहा गोळ्यांचे तीन-चार कागद द्यावेत, त्यांतला सर्वांत देखणा कागद निवडून काढू नये आणि "ही एक गोळी माझ्यामुळे गेली" असे म्हणून एखादे भोक मोजणीतून वगळूही नये.

आता मुख्य मुद्दा. यंत्रावर घट्ट बसवून झाडले, तर चांगल्या बनावटीचे बहुतेक आधुनिक पिस्तूल हाती धरून झाडणाऱ्या सामान्य नेमबाजापेक्षा कितीतरी नेमके असते. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत केवळ अर्धा मिलिमीटर बाजूला गेली आणि दोन साइटमधले अंतर १६५ मिलिमीटर असले, तर २५ मीटरवर गोळी सुमारे साडेसात सेंटीमीटर बाजूला पडते. दोन साइटमधले अंतर १३५ मिलिमीटर असलेल्या आखूड पिस्तुलात तीच चूक नऊ सेंटीमीटरच्या पुढे जाते. म्हणजे आखूड पिस्तुलाची नळी कमी अचूक असतेच असे नाही, ते नेमबाजाची चूक मोठी करून दाखवते. याउलट दोन्ही साइट एका रेषेत असतील आणि संपूर्ण हात एक सेंटीमीटर हलला, तर गोळीही साधारण एकच सेंटीमीटर हलते. हाताच्या थरथरीची धास्ती घेऊन साइटच्या रेषेकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ असतात, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

दोष हाताचा की पिस्तुलाचा, हे ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या दोन्ही पिस्तुलांतून खाली डावीकडे जात असतील, तर कारण बहुधा चाप झटक्याने ओढण्यात किंवा धक्क्याच्या अपेक्षेने मनगट आधीच खाली ढकलण्यात असते. दुसऱ्या कोणाकडून मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांत दोन-तीन सरावाची निर्जीव काडतुसे मिसळून घ्यावीत. निर्जीव काडतुसावर चाप ओढताना नळी खाली बुचकळली, तर उत्तर मिळाले. एकाच पिस्तुलातून गोळ्या बाजूला जात असतील, तर ते दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हाती द्यावे. त्याच्याही गोळ्या तिकडेच गेल्या तरच साइटला हात लावावा.

टेबलावरून नेम धरताना नळी किंवा स्लाइड वाळूच्या पिशवीवर टेकवू नये. आधार मनगटाला द्यावा. काडतुसाचेही तसेच आहे. नऊ मिलिमीटर पिस्तुलासाठी साडेसात, आठ आणि साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वजनाच्या गोळ्या सर्रास मिळतात. जड गोळी हळू जाते, नळीत किंचित जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात नळीचे तोंड वर उचलले गेल्याने बहुधा थोडी वर लागते. त्यामुळे काडतूस बदलून मिळालेला फरक पिस्तुलाच्या नावावर टाकू नये. झाडण्याचा क्रमही पाळावा: पहिले, दुसरे, पुन्हा दुसरे आणि शेवटी पहिले. अन्यथा थकलेला हात नेहमी दुसऱ्याच पिस्तुलाच्या वाट्याला येतो.

"दोनशे गोळ्या झाडल्या, एकदाही अडकले नाही"

हे वाक्य भरवशाचा पुरावा म्हणून फार वेळा ऐकू येते. संख्याशास्त्रातील एक साधा नियम सांगतो, की अमुक इतक्या वेळा प्रयत्न करून एकदाही बिघाड झाला नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की बिघाडाचे प्रमाण तीन भागिले त्या संख्येपेक्षा जास्त नाही. दोनशे निर्दोष गोळ्यांवरून दीड टक्क्यापर्यंतचा दोष नाकारता येत नाही. हजार गोळ्यांनंतर ती मर्यादा ०.३ टक्क्यांवर येते. त्यामुळे दोन पिस्तुले प्रत्येकी दोनशे गोळ्या विनातक्रार झाडून बरोबरीत सुटली, तर त्यांतले अधिक भरवशाचे कोणते हे अजून कळलेलेच नसते. १९११ च्या मार्चमध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाने ६००० गोळ्या न अडकता झाडल्या आणि म्हणूनच ती चाचणी आजही सांगितली जाते. पण तेथेही दर हजार गोळ्यांनंतर सफाई आणि तेलपाणी होत होते.

पिस्तूल अडकले की पहिला संशय मॅगझीनवर घ्यावा. त्याच्या तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या कडा वाकलेल्या असतील किंवा स्प्रिंग थकलेली असेल, तर काडतूस योग्य कोनात वर येत नाही. प्रत्येक मॅगझीनवर क्रमांक घालावा आणि कोणते मॅगझीन असताना अडकले ते लिहून ठेवावे. तक्रार एकाच क्रमांकाभोवती जमली, तर पिस्तूल निर्दोष आहे. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकत असेल, तर मनगट सैल आहे का, काडतूस कमजोर आहे का आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या) आकड्याखाली घाण साचली आहे का, हे याच क्रमाने तपासावे. सैल मनगटाने पिस्तूल संपूर्ण मागे जाते, त्यामुळे स्लाइडला विरोध मिळत नाही आणि ती पुरेशी मागे सरकत नाही. हलक्या पिस्तुलांत हे अधिक दिसते. पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल, तर एक्स्ट्रॅक्टर किंवा अस्वच्छ चेंबर पाहावे. काडतुसाच्या बुडावरील कॅपवर टोला उथळ दिसत असेल, तर तो टोला देणाऱ्या स्ट्रायकर किंवा हॅमरची स्प्रिंग पाहावी.

या नोंदी करताना दोन प्रसंगी मात्र घाई करू नये. चाप ओढूनही गोळी उडाली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावे, कारण बार उशिराने होऊ शकतो. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर पुढची गोळी झाडूच नये. आधीची नळीत अडकलेली असू शकते.

रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही, या समजुतीमुळे अनेक तुलना सुरू होण्यापूर्वीच संपतात. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जोरदार धक्क्याने उरलेल्या काडतुसांतील गोळी पुढे सरकून बाहेर डोकावते आणि काडतुसांचे चक्र फिरेनासे होते. एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली जळक्या दारूचे कण साचले, तरी तेच होते. फरक इतकाच, की पिस्तुलाचा अडथळा बहुधा काही सेकंदांत दूर करता येतो आणि रिव्हॉल्व्हरचा अनेकदा हत्यारे घेऊन बसल्याशिवाय सुटत नाही.

जुन्या पिस्तुलाची नव्याशी तुलना करायची असेल, तर आधी त्याची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे आणणारी) आणि मॅगझीनच्या स्प्रिंगा बदलून घ्याव्यात. तसे न केल्यास रचनेऐवजी झिजलेल्या स्प्रिंगांचीच तुलना होते आणि एका नगावरचा तो निकाल पुढे संपूर्ण मॉडेलच्या नावावर सांगितला जातो.