स्किड स्टीअर लोडवर दम सोडतो? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

सकाळी पहिल्या सेलला मशीन सुरू होतं. तासभर बगॅस (उसाचा चोथा) नीट ओढतं. मग बकेट ढिगात घुसली की इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि दोन-चार उचक्या देऊन ते बंद पडतं. पंधरा मिनिटं थांबून सेल मारला की पुन्हा सुरू, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. साखर कारखान्याचं आवार असो, जिनिंगमधला कापसाचा ढीग असो की पोल्ट्रीचं खत, जुन्या डिझेल स्किड स्टीअरची (पुढे बकेट असलेला छोटा लोडर; आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या या मशीनला बॉबकॅटच म्हणतात) ही तक्रार ऐकली की मालकाचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "मेस्त्री, पंप गेला."

बहुतेक वेळा पंप गेलेला नसतो. कुबोटा व्ही२२०३ सारख्या जुन्या इंजिनांवरचा, नोजलला दाबाने डिझेल पुरवणारा मेकॅनिकल पंप स्वच्छ डिझेल मिळालं तर वर्षानुवर्षं चालतो. अडचण असते ती टाकीपासून पंपापर्यंतच्या रस्त्यात: टाकीतली नळी, रबरी पाइप, क्लिपा, हातपंप (हाताने दाबून डिझेल भरायचा छोटा पंप), फिल्टर. या रस्त्यावर डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे इथे फट पडली तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. मशीनखाली एक थेंब दिसत नाही, म्हणून सगळे म्हणतात लीकेज नाही, आणि तिथूनच तपास चुकीच्या दिशेला जातो.

कसं बंद पडलं हे न विचारणं

पाना हातात घेण्याआधी ऑपरेटरशी पाच मिनिटं बोला. चावी फिरवल्यासारखं मशीन एका क्षणात बंद पडलं असेल तर डिझेलच्या रस्त्यात शोधत बसू नका. ते काम स्टॉप सोलेनॉइडचं (इंजिन बंद करणारा विजेवरचा भाग), त्याच्या वायरीचं किंवा सीट बारच्या (ऑपरेटरसमोरच्या सुरक्षा दांड्याच्या) स्विचचं असतं. डिझेल अडलं की इंजिन हळूहळू मरतं. आधी रेस खाली-वर होते, लोडवर ताकद जाते, मग मिसिंग.

धूर बघा. दम सुटताना भरपूर काळा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून बघा, बगॅसच्या भुशाने तो किती भरतो हे आवारात काम केलेल्याला सांगायला नको. डिझेल कमी पडणाऱ्या इंजिनाला काळा धूर करायला डिझेलच उरत नाही.

आणि विचारा: टाकी किती भरलेली असताना होतं? रॅम्प चढताना होतं का? रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी सुरू व्हायला त्रास देतं का? या तीन उत्तरांत अर्धं निदान असतं. सकाळचा त्रास असेल तर सेल मारण्याआधी हातपंप कडक होईपर्यंत दाबा. मग लगेच सुरू झालं, तर रात्रीत कुठूनतरी हवा शिरून डिझेल टाकीत परत उतरतंय. अशा वेळी नोजलवरच्या (नोजल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बारीक रिटर्न पाइपांना विसरू नका. बोटाने वाकवले की भेगा उघड्या पडतात.

टाकीच्या आत न बघणं

माझ्याकडे एक मशीन आलं होतं. त्याचा पंप दोनदा पंपवाल्याकडे जाऊन आला होता, नोजल नवे, फिल्टर नवा. तरी टाकी अर्ध्याखाली गेली की मशीन बंद. ऑपरेटर बिचारा दर दोन तासांनी कॅनने डिझेल ओतत होता, आणि टाकी भरलेली असली की चालतं हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. टाकीतली ओढनळी बाहेर काढली. मधोमध उभी चीर. डिझेलची पातळी चिरेच्या वर असेपर्यंत सगळं ठीक, पातळी खाली गेली की नळी हवा ओढू लागायची. जुन्या मशीनमध्ये ही नळी ताठ होऊन चिरते किंवा जोडातून निसटून टाकीत पडते. ती बदलायला पंप खोलण्याच्या खर्चाचा एक छोटा तुकडाही लागत नाही.

टाकीचा तळही बघा. कारखान्याचा हंगाम संपला की मशीन पावसाळाभर उभं असतं, तेही अर्ध्या रिकाम्या टाकीने. आतल्या दमट हवेचं पाणी होतं, पाणी तळाशी बसतं, आणि पाणी नि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा चिकट थर वाढतो. दिवाळीनंतर मशीन जोरात चालू लागलं की तो थर हलतो आणि नळीच्या तोंडाशी येतो. हंगामानंतर टाकी गच्च भरून ठेवली तर पाणी धरायला जागाच उरत नाही.

टाकीच्या झाकणाला श्वास घ्यायचं भोक असतं. ते मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि काही वेळाने डिझेल ओढलं जाणं थांबतं. इंजिन बंद पडताक्षणी झाकण उघडा. सूं असा आवाज आला तर दोष सापडला.

हवेची फुंकर मारून मोकळं होणं

पाइप काढायचा, कॉम्प्रेसरची हवा टाकीकडे मारायची, मशीन सुरू झालं की पाठवून द्यायचं. याला दुरुस्ती म्हणू नका. कचरा टाकीतच गेला आहे, दोन दिवसांनी तो पुन्हा तोंडाशी येणार. फुंकर मारल्यावर मशीन सुधारलं, तर तेवढ्यावरून टाकी उतरवून धुवायची हे ठरतं.

रबरी पाइपाबद्दलही असंच. बाहेरून नवा दिसणारा पाइप आतून सोललेला असतो. आतला पापुद्रा ओढीने आडवा येतो आणि ओढ थांबली की परत चिकटतो, म्हणूनच थांबल्यावर मशीन पुन्हा चालतं. शिवाय १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आहे, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंतच असतं. गंधक काढताना रबर फुगवून ठेवणारे घटकही कमी होतात, त्यामुळे जुने ओ-रिंग (जोडातल्या रबरी कड्या) आकसून हवा आत घेऊ शकतात. पंधरा-वीस वर्षांच्या मशीनचे सगळे ओढीचे पाइप, क्लिपा आणि वॉशर एकदम बदला.

कॅनची परीक्षा न घेणं

मी सगळ्यात जास्त भरवसा या परीक्षेवर ठेवतो. आधी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप लावा आणि इंजिन चालवून बघा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडा, पण बुडबुड्यांची माळ थांबत नसेल तर हवा कुठूनतरी शिरतेय. मग स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनापेक्षा उंच, सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा आणि त्यातून थेट पंपाला डिझेल द्या. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन टाकीत रिकामा होईल. आता मशीनवर लोड घ्या. एका जागी उभं राहून हायड्रॉलिक दाबून धरलं तरी पुरे, कॅन बांधलेलं मशीन फिरवू नका. मशीन दमदार चाललं तर पंप निर्दोष. मग एकेक भाग परत जोडत जा: आधी फिल्टर, मग हातपंप, मग टाकीचा पाइप. जो जोडल्यावर दम सुटेल तोच गुन्हेगार.

कॅब उचलण्याआधी आर्म जमिनीवर टेकवा किंवा आर्मचा लॉक लावा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर वर राहिलेल्या आर्मखाली कोणीही जाऊ नये.

घाईत होणाऱ्या बाकी चुका

नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने मधल्या भोकातून भरू नका. ती गाळलेल्या डिझेलची बाजू असते, तिथला कचरा सरळ पंपात जातो. फिल्टर कोरडाच लावा आणि हातपंपाने भरा. हवा काढताना आधी फिल्टर, मग पंपाचा स्क्रू, शेवटी नोजलचे नट अर्धा आटा सैल, हाच क्रम ठेवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका.

हिटर (सुरू करताना इंजिन तापवणारे ग्लो प्लग) असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे कधीच मारू नका, तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फोडतो. नोजलच्या पाइपची गळती हाताने चाचपू नका. या इंजिनांत नोजल साधारण चौरस सेंटीमीटरला १४० किलोच्या दाबाला उघडतं. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखो न दुखो, त्याच तासाला दवाखाना गाठा.

कॅनवरही मशीन दम सोडत असेल, एअर फिल्टर आणि सोलेनॉइड ठीक असतील, तर मात्र पंप काढायला हरकत नाही. काढताना त्याच्याखालच्या पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) मोजा आणि पुडीत बांधून ठेवा. कुबोटाच्या या इंजिनांत टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) त्या शिमवरच ठरतं, आणि पंप परत बसवताना तेवढ्याच, त्याच जाडीच्या शिम गेल्या पाहिजेत.