शिडाच्या बोटीवर गॅस सिलिंडरचा कप्पा: खोकं सोपं, नळी अवघड

जुन्या वाड्यातलं धान्याचं पेव उघडताना ज्यानं पाहिलंय, त्याला हे काम निम्मं कळलेलं असतं. पेवाचं तोंड काढलं की लगेच कोणी आत उतरत नाही, कारण खाली कोंडलेली हवा माणूस मारते. बोटीचा तळ हेही एक पेवच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. घरात गळला तर दाराच्या फटीतून थोडाफार तरी बाहेर जातो. बोटीला दार वर आणि खड्डा खाली. हवेच्या शंभर भागांत गॅसचे दोनेक भाग झाले की ठिणगी पुरते.

म्हणून सिलिंडरला स्वतंत्र कप्पा हवा: चारही बाजू आणि तळ केबिनच्या दृष्टीनं हवाबंद, उघडणार फक्त वरून, आणि तळाशी थेट बोटीबाहेर जाणारी नळी. ‘झाकणाला भोकं पाडा, हवा खेळती राहील’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पाडा हवं तर, पण जड गॅस काही वर चढून त्या भोकांतून जाणार नाही.

माझी छोटी बोट माजलगावच्या धरणावर असते. (परवानगी, विमा, लाइफ जॅकेट हे तुमचं झालेलं आहे असं धरून चालतो.) सिलिंडर पाच किलोचा घ्या. कप्प्याचं माप सिलिंडरला रेग्युलेटर बसवून घ्या, नाहीतर झाकण लागत नाही. जागा मागच्या बैठकीखाली. बारा मिलिमीटरचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा), आतून फायबरचे तीन थर, झाकणाला रबर, सिलिंडर उभाच राहील असा पट्टा. आडव्या सिलिंडरमधून गॅसऐवजी द्रव बाहेर येतो. तळाचं भोक पाडण्याआधी कप्पा पाण्यानं भरून रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर पुन्हा फायबर. झालं एवढंच.

आता तळाची नळी. इथं मी दोनदा हात पोळून घेतलेत.

पहिल्यांदा वॉशिंग मशिनचा वळ्यावळ्यांचा पाइप लावला. वाकतो, कुठूनही नेता येतो, स्वस्त. सुकाणूच्या दांड्याला वळसा घालताना मध्ये चार बोटं खाली लोंबला, तिकडं लक्ष दिलं नाही. तांब्याभर पाणी ओतलं, मागून धो धो बाहेर पडलं, मी खूश. पण लोंबलेल्या भागात शेवटचं पेलाभर पाणी अडकून राहिलं. घरातल्या बेसिनखालचा वाकडा पाइप अडकलेल्या पाण्यानं मोरीचा वास अडवतो, तसंच या पाण्यानं माझा गॅस अडवला. तीनेक महिन्यांनी रेग्युलेटरजवळचा वायसर चिरला. रात्रभर कप्पा भरत गेला, शेगडीची नळी केबिनमध्ये शिरते तिथली लांबी (फट बुजवायची पुट्टी) तडकली होती, तिथून गॅस तळात. सकाळी भाच्याच्या हातात लायटर होता. मला वास आला म्हणून हे लिहितोय. खटके, पंखा, इंजिन कशालाच हात लावला नाही. सिलिंडर बंद करून काठावर नेला आणि प्लास्टिकच्या बादलीनं, पाणी उपसावं तसा, तळातला गॅस उपसत बसलो. दिसत काहीच नाही. बघणाऱ्यांना वाटलं, उन्हानं याचं डोकं फिरलं.

तेव्हा मऊ पाइप नकोच. कडक पीव्हीसी, एक इंची. आतला व्यास 19 मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. कप्प्याच्या तळातल्या सगळ्यात खोल जागेपासून बाहेरच्या तोंडापर्यंत सलग उतार, मध्ये एकही खोलगट जागा नाही. पाण्याची परीक्षा फसवी असते. पाणी ओतून ते गेल्यावर वरून तोंडानं फुंका. बुडबुड ऐकू आली तर पाइप पुन्हा काढा.

दुसरी चूक तोंडाच्या जागेची. मी ते बाजूला काढलं होतं. शिडाची बोट वाऱ्यानं कलंडते, हे शीड उभारणाऱ्याला सांगावं लागू नये, पण मला पाण्यानं सांगितलं: बोट कलली, तोंड बुडालं, उलटं पाणी कप्प्यात. तोंड मागच्या फळीत, मधोमध काढा. सगळी मंडळी मागं बसली तरी ते पाण्याच्या वर राहिलं पाहिजे. केबिनच्या खिडकीपासून किंवा इंजिनच्या हवेच्या जाळीपासून निदान अर्धा मीटर लांब.

शेगडीची नळी कप्प्यातून बाहेर काढताना भोक वरच्या अंगाला ठेवा आणि तिथं लांबी नव्हे, रबरी ग्लँड (नळीभोवती घट्ट आवळणारं बूच) वापरा. आयएसआय छापाची सुरक्षा नळी, दर पाच वर्षांनी नवी. सगळे सांधे साबणाच्या फेसानं तपासा, काडी पेटवून बघणाऱ्याला बोटीवर घेऊ नका. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण पुरत नाही, रेग्युलेटर बंद करायचा. काठावर पोचूनही गळती थांबत नसेल तर 1906 हा गॅसगळतीचा मदत क्रमांक लावा.

आणखी एक, आपल्याकडचं. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, बोट लिंबाखाली ट्रॉलीवर येते, आणि कुंभारीण माशीला कप्प्याच्या तळाच्या त्या नळीसारखं घर दुसरं सापडत नाही. एका पावसाळ्यात फुंकलं तर हवाच जाईना. सळई घातली तेव्हा मातीचं ढेकूळ निघालं, आत वाळलेल्या अळ्या. जाळी लावू नका, शेवाळानं तीही बुजते. मी बोट काठावर आली की तोंडात लाकडी बूच ठोकतो आणि बुचाला हातभर लाल चिंधी बांधतो. चिंधी लोंबत असेपर्यंत सिलिंडर बोटीवर चढत नाही.