नाजूक त्वचा आणि काखेतला वास

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतल्या ग्रंथींतून येणारा दाटसर घाम तिथले जीवाणू मोडतात आणि त्यातून तो आंबूस दर्प सुटतो. म्हणून घासून घासून धुण्यात अर्थ नाही. कातडी सोलवटते, जीवाणू पुन्हा वाढतातच.

काखेला लिंबू आणि खायचा सोडा लावणं आधी बंद करा. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप; 7 च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 4.5 ते 5.5 असतो. सोड्याचा 8 च्या वर, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. रोज सोडा चोळला की काख लाल आणि खरखरीत होते. लिंबू लावून त्या जागेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, मागे राहिलेले काळे डाग कित्येक महिने जात नाहीत.

साबणाची नेहमीची वडीही 9-10 पीएचची असते. काखेसाठी 5.5 च्या आसपासचं, सुगंध नसलेलं क्लेन्झर घ्या. नुसत्या बोटांनी अर्धा मिनिट, कोमट पाण्याने. मग मऊ पंचाने टिपायचं आणि दोन मिनिटं हात वर करून पंख्याखाली वाळू द्यायचं. ओलावा राहिला की पुढचं सगळं बिघडतं.

घाम रोखणारा रोल-ऑन रात्री, पूर्ण कोरड्या काखेला लावा. रात्री घाम कमी येतो, त्यामुळे त्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांना घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी बसायला वेळ मिळतो. ओल्या त्वचेवर त्याचं आम्ल होतं आणि चरचरतं. वस्तरा फिरवला असेल त्या रात्री काहीच नको. तुरटीही नको, फार झोंबते. एरवी तुरटीचा खडा ओला करून दोन-तीनदा हलकेच फिरवायला हरकत नाही.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा असं 7 दिवस लावून बघा. लेबलवरच्या ‘अनसेंटेड’वर (वास न येणारं) विसंबू नका, त्यात वास झाकणारा सुगंध असू शकतो, ‘फ्रेग्रन्स-फ्री’ (सुगंध न घातलेलं) शोधा.

पुरळ आलंच तर आरशात नीट पाहा. काखेच्या खळग्याच्या मधोमध लाली असेल तर संशय डिओवर. खळगा स्वच्छ आणि कडेकडेने पुरळ असेल तर बहुधा कपड्याचा रंग.

कपड्यांकडे फार दुर्लक्ष होतं. पॉलिस्टरचा धुतलेला शर्टही अंगाच्या उबेने पुन्हा वास मारतो. उलटा करून अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा (ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो), मग नेहमीसारखा धुऊन एकदा जास्त खळबळा.

तपकिरी चट्टे, भेगा, पू किंवा दुखऱ्या गाठी दिसल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टिरॉइड-मिश्रित मलम मात्र लावू नका. काखेची कातडी पातळ असते, त्याने ती आणखी विरते आणि ताणल्याचे कायमचे वळ उमटतात.