कोकराच्या तोंडात बोट घाला, मग बाटलीचं ठरवा

पुणे जिल्ह्यातलं शिरूर, दौंड, बारामती, पुरंदर. मेंढपाळांच्या कुठल्याही वाड्यावर जा आणि मेलेल्या कोकराचं कारण विचारा. उत्तर ठरलेलं : ‘गारठ्यानं गेलं.’ शवविच्छेदनात पोट उघडलं की बहुतेक वेळा वेगळंच दिसतं. जठर रिकामं, आत चिकाचा, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधाचा, थेंब नाही, मूत्रपिंडाभोवतीची चरबी पार आटलेली. कोकरू उपाशी मेलेलं असतं, गारठा निमित्त होतो.

पावसाळ्यात फळलेल्या मेंढ्या आता व्यायला लागल्यात. जिल्ह्यात रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतोय आणि मध्येच आभाळ भरून येतंय. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आले, तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात शेकडो मेंढ्या आणि कोकरं गेली. भिजलेलं कोकरू आणि वारा हे गणित कोरड्या थंडीपेक्षा फार वाईट आहे. पावसाचा अंदाज आला की त्या रात्री व्यायला टेकलेल्या मेंढ्या उघड्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, ठेवू नका. ओळखीच्या शेतकऱ्याचा गोठा, पोल्ट्रीची रिकामी शेड, मंदिराचा ओटा, जे मिळेल ते दुपारीच मागून ठेवा. रात्री अकराला कोणी दार उघडत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘बाटलीवर कधी घ्यायचं?’ असं मला विचारतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कोकरू मान टाकायला लागल्यावर. यात दोन वेगळे निर्णय आहेत, आणि आपले लोक ते एकत्र करतात. पहिला, चीक पाजायचा की नाही. याला विचार नको. जन्मल्यापासून दोन तासांत पोटात चीक गेलाच पाहिजे, आईचा, शेजारणीचा, शेळीचा, कुणाचाही. दुसरा, कोकरू कायमचं बाटलीवर घ्यायचं का. तो एक-दोन दिवस थांबू शकतो, आणि थांबवलेलाच बरा. होतं उलटंच. पहिल्या कामाला ‘सकाळी बघू’ म्हणतात, आणि दुसऱ्याची घाई करून चांगल्या आईचं कोकरू तोडतात.

सकाळी बघू म्हणून का चालत नाही? मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आतड्यातून ती आत शोषली जाण्याची मुदत पहिल्या सहा तासांत चांगली असते, मग झपाट्यानं घटते आणि २४ तासांत संपते. शिवाय जन्मतः अंगात जी थोडी चरबी असते, ती ऊब धरायला चार-पाच तास पुरते, गार रात्री त्याहून कमी. रात्री दहाला व्यालेल्या मेंढीचं कोकरू सकाळी सातला बघाल तेव्हा दोन्ही मुदती टळलेल्या असतात.

‘डॉक्टर, ती पाजती की. मी सोता बघितलंय त्याला लुचताना.’ हे वाक्य मी प्रत्येक हंगामात ऐकतो आणि बोलणारी बाई खोटं बोलत नसते. वाकून पाहिलं तर कोकरू सडाशेजारची मळकी लोकरीची बट तोंडात धरून चोखतंय, शेपूटही हलवतंय. किंवा सड बरोबर धरलाय, पण टोकाला चिकट बूच बसलंय आणि आतून काही येत नाही. लांबून दोन्ही चित्रं पाजण्यासारखीच दिसतात. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, हातानं बघा.

मेंढी व्याली की, रात्र असो वा दिवस :

- दोन्ही सडांतून दोन-दोन धारा काढून बूच मोकळं करा. चीक दाट, पिवळसर हवा.
- कासेभोवतीची लोकर कातरा.
- कोकराच्या तोंडात स्वच्छ बोट घाला. आत ऊब असेल आणि बोट ओढून धरलं तर ठीक. तोंड गार लागलं किंवा चोखलंच नाही, तर तेच कोकरू आजचं तुमचं काम.
- पुढचे पाय धरून थोडं उभं करा, बरगड्यांमागे पोट चाचपा. प्यालेल्याचं पोट भरीव लागतं, उपाशी कोकराचं खपाटीला जातं.
- नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.
- मेंढीची वार (जार) पडली का ते बघा.

हेच बोट दोन तासांनी आणि मग सहा तासांच्या आत पुन्हा घाला. मोबाईलवर गजर लावा. अंगावर उभे केस, पाठ कमानीसारखी, पाय चारही एकत्र आणि सारखं ओरडणं, हे उपाशी कोकराचं लक्षण. ओरडायचं थांबून एका कोपऱ्यात पडून राहिलं तर ते शांत झालं असं समजू नका, ते संपत आलंय.

चीक किती द्यायचा? एका वेळी वजनाच्या किलोला ५० मिली, आणि पहिल्या २४ तासांत एकूण किलोला २०० मिली. दख्खनी कोकरू साधारण अडीच-तीन किलोचं जन्मतं. दोन किलोच्या आतलं असेल तर ते कमजोरच धरा. दोन किलोला एका वेळी १०० मिली, दिवसातून चार वेळा. आईच्या कासेत चीक असेल तर तिचाच पिळून पाजा. नसेल तर त्याच दिवशी व्यालेली एकाच कोकराची मेंढी धरा, नाहीतर वाड्यावरची नुकती व्यालेली शेळी. तेही नसेल तर गाईचा किंवा म्हशीचा, पण व्याल्यानंतरच्या पहिल्याच धारेचा. गाईचा चीक मेंढीच्या मानानं पातळ, म्हणून तो तिसरा हिस्सा जास्त द्या.

बारामती-इंदापूर-दौंड पट्ट्यात गल्लोगल्ली संकरित गाई आहेत, चिकाला तोटा नाही. तो जातो खरवसाला. ओळखीच्या गोठ्यात आधीच सांगून ठेवा, १००-१०० मिलीच्या पिशव्या बर्फाच्या कप्प्यात गोठवा, वर्षभर टिकतो. वापरताना हात सोसेल इतक्या कोमट पाण्यात पिशवी ठेवून वितळवा. गॅसवर ठेवलात की त्याचा खरवस झाला आणि कोकराच्या दृष्टीनं त्यातला मोलाचा भाग गेला.

गार पडलेल्या कोकराच्या बाबतीत घाई घातक ठरते. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, गुदद्वारात लावा. १०२ ते १०४ फॅरनहाइट म्हणजे उत्तम. ९९ ते १०२ मध्ये असेल तर पुसून कोरडं करा, उबेला ठेवा आणि चीक द्या. ९९ च्या खाली असेल आणि जन्मून पाच तास झाले नसतील, तर आधी ऊब, मग चीक. पण ९९ च्या खाली, पाच तास उलटलेले आणि मान धरत नाही, अशा कोकराला चुलीपुढे टाकू नका. त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते, नुसती ऊब दिली की झटके येऊन जातं. अशा वेळी डॉक्टर कोमट २० टक्के ग्लुकोज पोटाच्या पोकळीत देतात, किलोला १० मिली, आणि मग शेकतात. ते घरी करायचं काम नाही. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा, नाहीतर जवळच्या दवाखान्यात उचलून न्या.

चोखत नसलेल्या कोकराच्या घशात बाटली किंवा सिरिंज रेटू नका. दूध फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांनी ‘निमोनिया झाला’ म्हणून इंजेक्शनं सुरू होतात. नळीनं पोटात चीक सोडता येतो, सोपं आहे, पण एकदा डॉक्टरांकडून हातानं शिकून घ्या. शिकायचं ते हंगामाआधी.

शेकण्यासाठी गोणपाटात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या, घोंगडी, वीज असेल तर डालग्यावर हातभर उंचीवर जुना पिवळा बल्ब. धूर नको. आणि हे सगळं आईच्या नजरेसमोर, तिच्या नाकाला वास लागेल असं. कोकरू झोपडीत नेऊन रात्रभर ठेवलं की सकाळी आई त्याला ढुसण्या देते, आणि मग लोक म्हणतात मेंढीच नाठाळ.

एक पोट चीक गेल्यावर बरीच मरतुकडी कोकरं दोन-तीन तासांत आपल्या पायावर उभी राहून सड शोधतात. म्हणून बाटलीचा निर्णय यानंतर.

तो कोकराकडे बघून करू नका, आईकडे बघून करा. कासेला हात लावा. एक बाजू दगडासारखी, गरम, दुधात गाठी किंवा पाणी, मेंढी मागचा पाय फाकवून किंवा लंगडत चालते : काससुजी. कोकरं आजच बाटलीवर, मेंढीवर आजच उपचार. कास निळसर-काळी आणि गार पडली असेल तर तिच्याकडून या वेताला दुधाची आशा सोडा. मेंढी बसलीय, उठत नाही, खात नाही : बाटली. कास मऊ, पण २४ तासांनंतरही धार नाही : बाटली. कण्यावर हात ठेवला तर हाडं टोचतात आणि पाजायला जुळी : एक बाटलीवर.

कास भरलेली आहे, फक्त कोकरू अशक्त आहे, तर बाटली नको. दोन दिवस दर तीन तासांनी मेंढी धरून त्याला सडाला लावा. पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेली) असेल तर ती लाथा मारेल, मारू द्या, तिसऱ्या दिवशी उभी राहते.

शंका असेल तिथे रोज सकाळी एकाच वेळी तागडीवर तोला. तिसऱ्या दिवशी वजन जन्माच्या वजनाच्या पुढे गेलं नसेल तर आईचं दूध पुरत नाही, वाद संपला.

जुळ्यांतलं कोणतं काढायचं? पुस्तकं सांगतील दुबळं काढा. माझा अनुभव असा की दुबळं चोखत असेल तर त्याला आईकडे ठेवावं आणि दांडगं बाटलीवर घ्यावं. दांडगं दोन दिवसांत निपल धरतं, दुबळ्याला दोन्ही सड मोकळे मिळतात. यामागे प्रयोगशाळेचा आकडा नाही, पण वाड्यावर हे चालतं. ज्यांनी फलटणच्या निंबकर संस्थेची नारी सुवर्णा ही जुळी देणारी मेंढी किंवा तिचं रक्त कळपात आणलंय, त्यांना हा प्रश्न दरवर्षी पडणार. जुळी जास्त होणार हे कळूनच ती आणली जाते, मग शेवटच्या महिन्यातला खुराकही वाढवायला हवा, तो बहुतेक जण विसरतात.

बाटलीच्या आधी एक वाट शिल्लक असते. कोकरू मेलेली दुधाळ मेंढी असेल तर मेलेल्याचं कातडं पोरक्या कोकरावर पांघरून तिला लावा. जुनी माणसं हे सहज करतात. त्यांना विचारा.

बाटलीवर घेतलंच तर दूध शेळीचं उत्तम. म्हशीचं मेंढीच्या दुधाच्या जवळ जातं, गाईचंही चालतं. पाणी कशातच घालू नका, मेंढीचं दूध मुळात गाईपेक्षा बरंच घट्ट असतं. वजनाच्या १५ ते २० टक्के दूध दिवसाला, पहिल्या आठवड्यात पाच-सहा वेळा, मग चार, मग तीन. कोमट, वेळा ठरलेल्या. भुकेलं म्हणून एकदम अर्धा लिटर पाजाल तर आंत्रविषारानं, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होऊन, एका रात्रीत आडवं होईल. कोकरू उभं, मान सरळ. मांडीवर उताणं घेऊन पाजू नका.

दुकानदार या दिवसांत तीन गोष्टी गळ्यात मारतो. वासरांची दूध पावडर, लिव्हर टॉनिक आणि खनिज मिश्रण. वासरांच्या पावडरीत कोकराला लागते तेवढी चरबी नसते. गाईंच्या खनिज मिश्रणात तांबं असतं, ते मेंढीला विष होऊ शकतं. पाकिटावर ‘मेंढ्यांसाठी’ लिहिलेलं नसेल तर परत करा. टॉनिकनं उपाशी पोट भरत नाही. त्या पैशात दूध येतं. सहा आठवड्यांत एक कोकरू तीसेक लिटर पितं, त्याला तुमच्या डेअरीच्या भावानं गुणा आणि बाजारातल्या कोकराच्या किमतीशी ताडून बघा. आईपासून काढायचं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत काढा, आठवडाभर उपाशी झुरलेलं कोकरू दूध पिऊनही अंगाला धरत नाही.

पुढची नेहमीची कामं :

- बाटली-निपल प्रत्येक वेळी गरम पाण्यानं धुणे
- दुसऱ्या आठवड्यापासून लसूणघास, सुबाभूळ-शेवरीचा पाला, मक्याचा भरडा, पाणी
- हगवण लागल्यास एक-दोन वेळचं दूध कमी करून ओआरएस. रक्त दिसल्यास डॉक्टर
- सहा ते आठ आठवड्यांनी, चारा नीट खात असेल तरच, दूध तोडणे
- आंत्रविषाराची लस डॉक्टरांच्या वेळापत्रकानं. गाभण मेंढीला व्यायच्या महिनाभर आधी
- दूध कमी पडलेल्या, कास बिघडलेल्या मेंढीच्या कानाला खूण, पुढच्या वेताआधी विक्री

बाटलीवरच्या माद्या कळपात खुशाल ठेवा. नर मात्र बीजाला ठेवू नका. माणसाच्या हातचं पिऊन वाढलेल्या मेंढ्याला माणसाची भीती उरत नाही आणि वर्षाचा झाला की पाठीमागून धडक देतो, घरातल्या पोरांना आधी. त्याला वेळेवर चाकणच्या बाजारात न्या.